पेन्शन अडली आहे ती कंसातल्या पत्रावर

प्रश्न : वडील सैन्यात नाईक होते. १९८९ मध्ये पेन्शनवर आले, चार वर्षांपूर्वी वारले. डिस्चार्ज बुकात आईचं नाव पारूबाई आहे, आधार कार्डावर पार्वती. जन्मवर्षातही सहा वर्षांचा फरक. कौटुंबिक पेन्शन सुरूच झाली नाही. कोर्टातून वारस दाखला काढला, त्यात दोन वर्षं गेली, तरी उपयोग नाही. आता नावासाठी दिवाणी दावा लावावा का? (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचं मागे एक पत्र आलं होतं, झेरॉक्स सोबत आहे.)

उत्तर : दावा लावू नका. तुमचं सगळं प्रकरण त्या कंसातल्या पत्रात आहे आणि ते तीन वर्षं तुमच्या कपाटात पडून होतं.

पत्रात ‘नामंजूर’ हा शब्द नाही. ‘तफावत दूर करून कागदपत्रे पुन्हा सादर करावीत’ एवढंच आहे. नामंजुरीचा अंतिम आदेश असता तर सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ च्या कलम २२ प्रमाणे सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सैनिकांच्या नोकरी-पेन्शनचे वाद ऐकणाऱ्या कोर्टाकडे, जावं लागलं असतं, नाहीतर उशीर माफ करा म्हणून विनवण्या. इथे कागद परत आलेत, निकाल लागलेला नाही. माझ्या मते मुदत अजून सुरूच झाली नाही. सरकारी वकील उलटं म्हणतील, पण त्याला उत्तर देता येतं.

या पत्राला उत्तर द्यायचं सोडून तुम्ही १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला काढत बसलात, आणि कोर्टानंही तारखांवर तारखा देऊन साथ केली. कौटुंबिक पेन्शन ही मृताची मालमत्ताच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये वायोलेट आयझॅक प्रकरणात सांगून टाकलंय. ती नियमांप्रमाणे पत्नीला मिळते, वारस म्हणून नाही. असे दाखले घेऊन आलेली किती घरं पाहिली, मोजदाद नाही.

उशिरानं हक्क बुडत नाही, थकबाकी बुडते. तरसेम सिंग या सैनिकाच्याच प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयानं थकबाकी अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली. न्यायाधिकरणात जावं लागलं तर तुमचं पहिलं वर्ष बहुधा गेलंच, आणि यापुढे थांबाल तितके महिने मागून गळत जातील. रेकॉर्ड ऑफिसनं आपणहून दुरुस्ती केली तर पूर्ण रक्कम मिळेल का, हे आज छातीठोकपणे सांगत नाही.

तेव्हा या आठवड्यात उत्तर पाठवा. अर्ज आईच्या नावानं, सही किंवा अंगठा तिचाच. पहिल्याच ओळीत त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, खाली वडिलांचा आर्मी नंबर आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. सोबत दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र आणि वडील हयात असतानाचे जमतील तेवढे जुने कागद : रेशन कार्ड, मतदार यादी, दोघांचं बँक खातं. आता नव्यानं काढलेल्या दाखल्यांपेक्षा त्यांचं वजन जास्त. लग्नाची नोंद नोकरीत असताना पार्ट टू ऑर्डरला (सैनिकाच्या घरच्या बदलांची सैन्यातली अधिकृत नोंद) लागली होती का, हेही त्याच अर्जात विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलंत तर बरं, पण एक प्रत स्वतः स्पीड पोस्टानं टाका आणि पोचल्याचा पुरावा जपा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्यापुढचे सहा महिने न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जायला असतात. पोचच नसेल तर मोजणार कुठून?

जन्मवर्षाचं फार मनावर घेऊ नका. विधवेचं वय मुख्यतः ८० नंतरच्या वाढीव पेन्शनसाठी लागतं.

पण त्या सहा वर्षांच्या फरकामुळे एक विचारतो, राग मानू नका. पारूबाई ही वडिलांची आधीची पत्नी तर नव्हती ना? रेकॉर्ड ऑफिसला नेमका हाच संशय असणार. तसं असेल तर वरचं प्रतिज्ञापत्र अजिबात करू नका, आईला खोटी शपथ घ्यायला लावाल. त्या बाई कधी वारल्या की फारकत झाली, आणि आईचं लग्न त्याआधीचं की नंतरचं, एवढं आधी कळवा.