वळवायचं तर दुसरा हात सैल सोडा

प्रश्न : माझं भीमथडी तट्टू साडेतीन वर्षांचं आहे. टांग्याला जुंपण्याआधी त्याला दोन लांब दोऱ्यांवर, मागून चालत, शिकवतो आहे. डावीकडे बरं वळतं. उजवी दोरी ओढली की मान वर करून थांबतं; आणखी ओढली तर गर्रकन फिरून तोंड माझ्याकडे करतं आणि पाय दोऱ्यांत अडकतात. दोरी शेपटीखाली गेली की उधळतं. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही उजव्या हाताबद्दल सगळं लिहिलंत, डाव्याबद्दल काहीच नाही. चूक बहुधा तिथेच आहे. उजवीकडे वळताना तट्टाच्या मानेची डावी बाजू ताणली जाते, तिला तेवढी दोरी मिळायला हवी. डावी मूठ आवळलेलीच राहिली तर तोंडात दोन्हीकडून ओढ बसते. ‘वळ’ आणि ‘थांब’ एकाच वेळी सांगितल्यावर ते मान वर करणारच. उजवी बोटं मिटताना डावी तितकीच उघडा. सात-आठ मीटर दोरीचं वजनही तोंडावर येतच असतं, त्यामुळे खोगिरावर बसून द्याल त्याहून हलका इशारा पुरतो. वळायला लागताच उजवी बोटंही सैल करा.

पण डावी दोरी पार लोंबू द्यायची नाही. बाहेरची दोरी पुठ्ठ्यामागून येते, ती भिंतीसारखी असते. ती ढिली पडली की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि तट्टू तुमच्यासमोर उभं राहतं. तसं झालं तर ओढू नका. आवाजाने थांबवा, मदतनिसाला डोकं धरू द्या, दोऱ्या सोडवा, पुन्हा सुरू करा. दोरी हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका. उरलेली दोरी मुठीत घड्या घालून धरा आणि हातमोजे घाला.

सामान तपासा. तोंडात मधे एक सांधा असलेली लगामाची साधी कडी हवी. पाठीवरच्या पट्ट्याच्या कड्या साधारण खांद्याच्या टोकाच्या उंचीला असाव्यात, म्हणजे बाहेरची दोरी मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वीतभर वरून जाते. कड्या फार वर असतील तर दोरी पुठ्ठ्यावर चढून शेपटीखाली घुसते, फार खाली असतील तर पायांत येते. पट्टा नसेल तर खोगिराच्या रिकिबींतून दोऱ्या ओवा, पण रिकिबी पोटाखालून एकमेकींना बांधा. मोकळ्या असल्या तर हेलकावतात.

शेपटीखाली दोरी गेली की तट्टू शेपूट घट्ट दाबतं, आणि आपण ओढली तर अजूनच घाबरतं. दोरी सैल करा, चालतं ठेवा, शेपूट ढिली पडल्यावर हळूच काढा. ही सवय आधी लावायला हवी होती : मदतनिसाने डोकं धरून, तुम्ही बाजूला उभं राहून, दोरी पुठ्ठ्यावर, मांड्यांवर, मागच्या सांध्यांवर घासायची. ते निवांत उभं राहीपर्यंत मागे जायचंच नाही.

तुम्ही नेमके कुठे चालता? बरोबर पाठीमागे असाल तर तुम्ही त्याला दिसत नाही, आणि लाथेच्या टप्प्यातही येऊ शकता. साधारण तीन मीटर मागे, थोडं एका बाजूला राहा. पहिले काही दिवस बाजूने चालत पंधरा मीटर व्यासाचं मोठं वर्तुळ घ्या, नंतर बांधाच्या कडेने सरळ जा. सरळ चालणं वळण्यापेक्षा अवघड असतं. ते जमल्यावर पाच पाट्या सहा-सहा मीटरवर ठेवून नागमोडी फिरवा. थांबवताना आधी ‘होऽ’, मग दोन्ही बोटं मिटा, थांबताच सोडा. मागे सरकायला एवढ्यात शिकवू नका, नाहीतर वळायचं टाळायला तेच करील. रोज पंधरा-वीस मिनिटं खूप झाली.

एक शंका तरीही उरते : एकाच बाजूला विरोध असेल तर दातही असू शकतात. या वयात दुधाचे दात पडत असतात, त्यामुळे तोंडातली कडी दुखते. पशुवैद्याकडून तोंड बघून घ्या, मगच हट्टी ठरवा.

प्रश्न : घाबरू नये म्हणून आत्तापासूनच डोळ्यांच्या कडेला ढापण लावू का?

उत्तर : नको. दोरी काय करते ते त्याला उघड्या डोळ्यांनी दिसू द्या. आवाजावर थांबायला लागलं की ढापण लावा, आणि तो पहिला दिवस पुन्हा डोकं धरूनच घ्या.