घरच्या भट्टीत केलेली काचेची ताटली दोन दिवसांनी आपोआप तडकली. कमाल तापमान किती ठेवायला हवं होतं?

तुम्ही लिहिलंय की खिडकीच्या काचेवर हिरव्या बाटलीचे तुकडे ठेवून 830 अंशांना ताटली केली, गुळगुळीत निघाली, आणि कपाटात ठेवल्या जागी तडकली. गुळगुळीत निघाली म्हणजे कमाल तापमानाने त्याचं काम केलं. दोष दुसरीकडे आहे.

आधी तडा नीट बघा. हिरव्या तुकड्याच्या कडेकडेने गेला असेल, तर दोन काचांचं प्रसरण जुळत नाही. ताटलीच्या मधून नागमोडी जाऊन टोकाशी गळासारखा वळला असेल, तर अ‍ॅनीलिंग, म्हणजे ताण निघावा म्हणून ठरावीक तापमानाला धरून काच हळू थंड करणं, कमी पडलं. तड्याच्या कडा बोथट असतील, तर काच तापतानाच फुटली आणि मग कडा वितळल्या.

अशीच एक ताटली माझ्याकडे तपासायला आली होती. शिकवणाऱ्यांचं एकच म्हणणं, भट्टी लवकर उघडली. ती उघडली होती 40 अंशांना! मग त्यांच्याच सल्ल्याने दुसरी ताटली 540 अंशांना चार तास धरली, तीही तुकड्याच्या कडेलाच तडकली. तडकणारच. असमान थंड होण्याने आलेला ताण अ‍ॅनीलिंगने निघतो. पण काच घट्ट झाल्यावर दोन्ही काचा आपापल्या मापाने आकसतात, आणि ती ओढाताण कितीही तास धरून जात नाही. तरी वर्गावर्गांतून 'अजून थोडा वेळ धरा' हेच शिकवलं जातं, याचा मला राग येतो.

जुळणी घरी तपासता येते. खिडकीच्या त्याच काचेच्या दोन पट्ट्या कापा. एकीवर बाटलीचा तुकडा ठेवा, दुसरी कोरी ठेवा. दोन्ही एकत्र भाजून नीट अ‍ॅनील करा. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगल फिरवत पडदा काळा दिसेल तिथे थांबा. आता पट्टी मध्ये धरा. तुकड्याभोवती उजेडाची कड दिसली तर ती जोडी बाद. कोरी पट्टीही उजळली तर अ‍ॅनीलिंगच चुकलंय, चाचणी पुन्हा करा.

खिडकीची काच वापरायची तर वरचा-खालचा थर आणि चुरा एकाच शीटमधून घ्या, रंगासाठी काचेवर भाजायचे इनॅमल वापरा. बाटली फक्त स्वतःशीच वितळवा. '90' लिहिलेली काच आहे म्हणून कुठल्याही दुसऱ्या '90'शी जोडू नका. तो आकडा नुसत्या प्रसरणाचा आहे. जुळणी तापलेली काच किती घट्ट किंवा पातळ वाहते यावरही ठरते, म्हणून एकाच कंपनीची, एकमेकींशी तपासलेली काच घ्या.

खिडकीच्या काचेच्या 3 मिमीच्या दोन थरांसाठी: तासाला 150 अंशांनी 650 पर्यंत, तिथे 30 मिनिटं, म्हणजे थरांमधली हवा निघते. मग 830 पर्यंत जलद, 10 मिनिटं. उतरताना 700 ते 800 मध्ये रेंगाळू नका, पृष्ठभाग धुरकट होतो. 540 ला एक तास, पुढे तासाला 80 अंशांनी 400 पर्यंत, मग भट्टी बंद, झाकण बंद. बुल्सआय (Bullseye) या कंपनीच्या, भट्टीत जोडण्यासाठी केलेल्या काचेचा अ‍ॅनीलिंगचा आकडा वेगळा, 482. तिथे 6 मिमीला एक तास, 12 मिमीला दोन तास आणि उतार तासाला 55. वीज गेली तर झाकणाला हात लावू नका. वीज आल्यावर काच अ‍ॅनीलिंगच्या खाली गेलेली असेल तर हळू वर नेऊन पूर्ण वेळ पुन्हा धरा.

हे आकडे माझ्या भट्टीचे. तुमचा थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार, 15-20 अंश इकडेतिकडे दाखवू शकतो, तेव्हा आधी छोटा तुकडा भाजून बघा. टफन (कडक केलेली, टफन्ड) काच कापायला जाऊ नका, तिचा भुगा होतो. आणि भट्टीच्या शेल्फवरचा जुना किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून लावलेला लेप) खरवडताना साधं फडकं नको, धुळीचा एन95 मास्क लावा.