बालीत सहा रात्रींची लक्झरी सहल कशी आखावी?

मार्चमध्ये पाडव्याची सुट्टी जोडून, सौ.सोबत सहा रात्री, आणि एजंटने सुचवलेली चार हॉटेलं, असा तुमचा बेत दिसतोय. त्यातली दोन हॉटेलं आधी काढून टाका.

आम्ही २०२३ च्या मार्चमध्ये हाच घोळ घातला होता. एक दिवसाआड बॅगा भरायच्या, बाराला खोली सोडायची आणि पुढची तीनशिवाय मिळायची नाही. ज्या खासगी स्विमिंग पूलसाठी एवढे पैसे मोजले, त्यात बायको जेमतेम एकदा पाय सोडून बसली. नकाशावर बाली एवढंसं दिसतं, पण उबुद (बेटाच्या आतल्या भागातलं गाव) ते विमानतळ या पस्तीस-चाळीस किलोमीटरला दीड तास धराच, संध्याकाळी दोन.

तेव्हा तीन रात्री उबुद, तीन रात्री समुद्र. उबुदमध्ये बाजारपेठेत नको, सायानच्या बाजूला आयुंग नदीच्या दरीवर राहा. पैसा इथे लावा, कारण सकाळी चहा घेऊन बसल्यावर दरीतलं धुकं वर येताना दिसतं आणि मग कुठे जावंसंच वाटत नाही. समुद्रासाठी मार्चमध्ये मी दक्षिण टोकाकडचं नुसा दुआ घेईन. तेव्हा तिथे पावसाळा असतो आणि पश्चिमेच्या वाऱ्याने कुटा-सेमिन्याकच्या किनाऱ्यावर प्लास्टिक येऊन पडतं, शिवाय तिथे लाटा ओढतात. नुसा दुआला प्रवाळामुळे पाणी शांत असतं.

आता तारखेचं. बालीतही शक चालतं, आपलंच. त्यांच्या नववर्षाला न्येपी म्हणतात. २०२३ मध्ये न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले, दोघांचंही शके १९४५. पण पंचांग पुरतं जुळत नाही: २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. म्हणून पाडव्यावरून अंदाज बांधू नका, न्येपीची तारीख वेगळी बघा. त्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास अख्खं बेट बंद असतं, विमानतळसुद्धा. हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, किनाऱ्यावरही नाही. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार.

एजंटने आम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी खोलीत चिठ्ठी आली: उद्या पडदे ओढून घ्या, बाल्कनीतला दिवा लावू नका. बाहेर ओगोह-ओगोहची मिरवणूक चालली होती, बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस पोरांच्या खांद्यांवर. विसर्जनाचीच गर्दी म्हणा. दुसऱ्या दिवशी मात्र चिडीचूप. पाडवा म्हणून बायकोने बॅगेतून श्रीखंडाच्या वड्या काढल्या आणि रात्री अंधारात बाल्कनीत बसून आम्ही त्या खाल्ल्या. नुकतीच अमावस्या झालेली, खाली एक दिवा नाही, आकाश चांदण्यांनी गच्च. मी तर म्हणेन मुद्दाम न्येपी धरून जा, फक्त येण्या-जाण्याचं तिकीट त्या दिवसाचं नको आणि हॉटेल बदलायचा दिवसही तो नको.

खर्चाचं थोडक्यात. हॉटेलच्या दरापुढे ‘प्लस प्लस’ लिहिलं असेल तर सेवाशुल्क आणि कर धरून साधारण २१ टक्के वर चढतात. विमानतळावरच्या व्हिसाचे माणशी ५ लाख रुपिया, आणि फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटक कर दीड लाख रुपिया. आकडे ऐकून दचकू नका, रुपियाची शून्यं फार असतात. परदेशी वाइनवर मात्र जबर कर आहे, तिथे खरंच दचकाल.

शाकाहारी असाल तर सांबल, म्हणजे तिथला मिरचीचा ठेचा, विचारून घ्या. त्यात बहुधा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते. ‘तानपा तेरासी’ म्हटलं की कळतं.

नुसा पेनिदा हे शेजारचं बेट यावेळी राहू द्या. बालीच्या सानूर किनाऱ्याहून स्पीडबोटीने पाऊण तास आणि पुढे कंबर खिळखिळी करणारे रस्ते, तेही एका फोटोसाठी. अगदीच जायचं असेल तर समुद्राकडच्या तीन दिवसांतला एक द्या, पण आदल्या दिवशी वारा किती आहे ते बोटवाल्याला विचारूनच पैसे भरा.