कानात गाणी आणि समोर बायोलॉजी

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ‘मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. हेडफोन घातल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. तिचे बाबा म्हणतात, असा काय अभ्यास होते? रोज वाद होतात, परवा त्यांनी हेडफोन काढूनच घेतला. गाण्यांमुळे अभ्यासाचं नुकसान होतं का? तिला अभ्यासिकेत घालावं का?’ पत्राच्या खाली मुलीनं चार ओळी जोडल्या आहेत: ‘घरामागे लग्नाचं लॉन आहे. गाणी बंद केली की तिथला डीजे ऐकू येतो, हॉलमधला टीव्ही ऐकू येतो. आणि गाण्यांशिवाय मला झोप येते. मी कोरियन गाणी ऐकते, त्यांचे शब्द मला कळतच नाहीत, मग लक्ष कसं जाईल?’

ताई, बरं झालं दोघींनी लिहिलं. तुम्ही गाण्यांबद्दल विचारताय, मुलगी आवाजाबद्दल आणि झोपेबद्दल सांगतेय. हेडफोन काढून घेतल्यानं यातला एकही प्रश्न सुटत नाही, म्हणून आधी तो परत द्या. मग पुढचं वाचा.

गाण्यांनी नुकसान होतं का, याचं उत्तर हातात कोणतं काम आहे त्यावर ठरतं. आपण वाचतो तेव्हा शब्द मनातल्या मनात उच्चारले जातात. ऐकलेले आणि मनात उच्चारलेले शब्द क्षणभर धरून ठेवणारी स्मृतीची एक छोटी जागा असते. तिच्यात जेमतेम दोन सेकंदांत म्हणता येईल एवढाच मजकूर मावतो. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली मांडलेल्या प्रारूपात ही जागा महत्त्वाची आहे. कानावर पडणारं बोलणं तिथे परवानगी न विचारता शिरतं. म्हणून क्रेब्ज सायकलमधला (पेशीत ऊर्जा तयार होण्याच्या रासायनिक चक्रातला) क्रम, म्हणजे सायट्रिक आम्लानंतर काय, त्याच्या पुढे काय, हे पाठ करताना कानात गायक गात असेल, तर दोघांची त्या एकाच जागेसाठी ओढाताण होते. क्रमानं लक्षात ठेवण्याच्या कामाला याचा सगळ्यात जास्त फटका बसतो, आणि बायोलॉजीत असे क्रम जागोजागी आहेत.

आता कोरियन गाण्यांचं. बेटा, तुझा युक्तिवाद हुशारीचा आहे, पण तो टिकत नाही. 1976 साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरांच्या रांगा पाठ करायला दिल्या आणि पाठीमागे जर्मन उतारा वाचून दाखवला. त्या मुलांना जर्मन येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. अर्थ कळो न कळो, बदलत जाणारा मानवी आवाज त्या जागेत शिरतोच. अर्थ कळत असेल तर वाचलेलं समजण्याच्या कामात त्रासाची आणखी भर पडते, एवढंच. पुढे 2010 च्या सुमारास पेरहॅम आणि विझार्ड यांनी आवडतं आणि नावडतं अशा दोन्ही प्रकारचं संगीत लावून पाहिलं. दोन्हींमुळे क्रम आठवण्यात जवळपास सारखीच घसरण झाली. ‘मला आवडतं म्हणून मला चालतं’ हे मनाला पटतं, पण आठवणीला ते लागू होत नाही.

शब्द नसलेलं संगीत कमी त्रास देतं. बासरी, संतूर, सरोद चालेल. दोन सावधगिरी मात्र हव्यात. ओळखीच्या सिनेगीताची नुसती धून लावली, तर शब्द तुमचं मन स्वतःच भरतं, म्हणजे पुन्हा तेच. आणि मुलगी गाणं शिकत असेल, तर राग ओळखण्यात आणि समेची वाट पाहण्यातच तिचं लक्ष जाईल. जोरकस चढउतारांचा ‘झाला’ (वादनातला शेवटचा जलद भाग) किंवा जुगलबंदी अभ्यासाला नको. एकसुरी, संथ, तबला नसलेला आलाप बरा, तोही वाद्यावरचा.

मग गाणी कुठे चालतील? बायोलॉजीच्या आकृत्या काढून नावं देताना, वही नीट उतरवताना, फॉर्म्युल्यांचा तक्ता करताना, मागच्या टेस्टमधल्या चुका विषयवार वहीत मांडताना, पुरता जमलेल्या प्रकारची गणितं तिसऱ्यांदा सोडवताना. कंटाळवाण्या कामात गाण्यामुळे माणूस जास्त वेळ बसतो, हा खरा फायदा आहे आणि तो तिला मिळू द्या. एनसीईआरटीचा नवा धडा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतली नावं, असर्शन-रीझनचे (विधान आणि कारण) प्रश्न, फिजिक्सची नवी प्रश्नपद्धत, यांना गाणी नकोत. फिजिक्सच्या आकडेमोडीबद्दल बऱ्याच मुलांचा गैरसमज असतो की तिथे शब्द नाहीत. पण 3.6 ला 18 नं गुणताना मधला आकडा तुम्ही मनात उच्चारूनच धरता, आणि गाण्यातली एक ओळ तो आकडा पुसून टाकते.

झोपेचं. गाण्यांनी झोप उडते हे खरं आहे, कारण संगीतानं उत्साह वाढतो. 1993 साली 36 कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवून घेतलेली चाचणी गाजली होती. कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कामात त्यांचे गुण वाढले होते, पण तो परिणाम 10-15 मिनिटंच टिकला. पुढच्या चाचण्यांतून दिसलं की खरं कारण मोझार्ट नसून मूड आणि तरतरी होती. ‘बुद्धी वाढवणारं संगीत’ म्हणून कुणी अॅप किंवा पेनड्राइव्ह विकत असेल, तर पैसे घालवू नका. यातून कामाची गोष्ट इतकीच: गाणं अभ्यासाआधी ऐकावं. बसण्यापूर्वी दहा मिनिटं कोरियन गाणी, हवं तर उभं राहून, नाचून. मग बंद. 45 मिनिटांनी पुन्हा एक गाणं. तरीही डोळे मिटत असतील, तर रात्रीची झोप आठ तासांच्या खाली आहे का ते पाहा. दुपारी पोटभर भात खाऊन लगेच वाचायला बसणं हेही कारण असतं. गाण्यानं झोपेची थकबाकी फिटत नाही.

आता लॉन. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लॉनचा मोसम सुरू होतो आणि नीटच्या तयारीचा जोरही त्याच महिन्यांत असतो. डीजेचा आवाज झाकायला गाणी लावणं म्हणजे एका बोलण्यावर दुसरं बोलणं टाकणं. झाकायला एकसारखा, चढउतार नसलेला आवाज हवा. नागपुरात तो उन्हाळ्यात फुकट मिळतो: कुलर. एप्रिलमध्ये कुलरच्या घरघरीत शेजारचं बोलणं विरून जातं. थंडीत टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा. हवा अंगावर येत नाही, आवाज मात्र खोलीभर राहतो. पावसाचा किंवा नुसत्या खरखरीचा आवाज मोबाइलवर डाउनलोड करूनही चालेल, पण टेबलावरचं बोलणं सहज ऐकू येईल इतका हळू. कुलर किंवा पंखा अगदी कानाशी ठेवू नका, डोकं दुखतं.

सोबत फोमचे इअरप्लग घ्या, औषधाच्या दुकानात मिळतात. बरीच मुलं ते नुसते कानात टेकवतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. बोटांनी गोल वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून तो फुगेपर्यंत 30 सेकंद बोट धरून ठेवायचं. बोलण्याचे बारीक आवाज यानं बरेच कमी होतात. डीजेचा धडधड बेस मात्र फारसा कमी होत नाही, तो भिंतीतून आणि छातीतून येतो. त्या दोन-तीन तासांत आकृत्या, वही, चुकांची नोंद ही कामं ठेवा आणि पाठांतर पहाटे करा. रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर वाजत असेल तर 112 वर कळवा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार सणांचे काही ठरावीक दिवस सोडले, तर सकाळी 6 पर्यंत त्याला मनाई आहे.

आणि ताई, हॉलमधला टीव्ही. मालिकेतले संवाद भिंतीपलीकडून अर्धवट ऐकू येतात, तेही बोलणंच आहे आणि त्यानंही तेवढाच त्रास होतो. तिच्या पाठांतराच्या वेळेत टीव्ही बंद किंवा बाबांच्या कानाला हेडफोन, एवढं घरानं करावं. मुलीनं कोरियन गाणी सोडायची आणि घरानं मालिका चालू ठेवायची, हे तिला पटणार नाही, आणि पटू नयेच.

हेडफोन वापरायचाच तर आवाज बेताचा हवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, मुलांसाठी 75. प्रत्येक 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. फोनचा आवाज 60 टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. हातभर अंतरावरून तुम्ही साध्या आवाजात हाक मारली आणि तिला ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

गाण्यांपेक्षा गाणं बदलण्यात जास्त वेळ जातो, हेही पाहा. यादी आधीच ठरवा, 45 मिनिटांची, डाउनलोड केलेली. फोन एअरप्लेन मोडवर, ब्लूटूथ तेवढं चालू, आणि फोन तिच्या हाताला लागणार नाही असा खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

माझ्या शब्दावर दोघींनी विश्वास ठेवावा असं नाही, घरीच मोजून पाहा. सहा चिठ्ठ्या करा, तीनवर ‘गाणी’, तीनवर ‘शांत’. सहा दिवस, रोज सकाळी एकाच वेळी (लॉन बंद असताना), मुलीनं एक चिठ्ठी उचलायची आणि तसं बसून बायोलॉजीची न वाचलेली पाच पानं 40 मिनिटं वाचायची. दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी उचलण्याआधी, गाण्यांशिवाय, त्या पानांवरचे 20 प्रश्न. प्रश्न तुम्ही निवडा, पण कालची चिठ्ठी कोणती होती ते तुम्हाला माहीत नसावं. शेवटी गाण्यांच्या तीन दिवसांचे 60 पैकी आणि शांत तीन दिवसांचे 60 पैकी किती गुण, ते ताडून पाहा. दोन-तीन गुणांच्या फरकाला अर्थ नाही. सात-आठचा दिसला तर तो लक्षात घ्या, पण पक्कं ठरवण्याआधी प्रयोग पुन्हा एकदा करून पाहा. ‘मला छान वाटलं’ हे मोजायचं नाही. गाणी लावून वाचताना छानच वाटतं, म्हणून तर हा वाद होतो.

निकाल काहीही लागो, परीक्षेआधीचे सहा आठवडे पूर्ण पेपर दुपारी 2 ते 5 याच वेळेत, 180 प्रश्न 180 मिनिटांत, कानात काहीही न घालता सोडवायचे. इअरप्लगही नकोत. परीक्षेच्या खोलीत पंखा कुरकुरतो, कुणी खुर्ची सरकवतं, पर्यवेक्षक सह्या घेत फिरतात. त्याची सवय तिथे जाऊन लागत नाही.

अभ्यासिकेबद्दल: लग्नाच्या तारखांना संध्याकाळी उपयोग आहे, रोज घालायची गरज नाही. महिन्याचे पैसे भरण्याआधी मुलीला एक संध्याकाळ दोन तास तिथे बसू द्या. शेजारी कुजबुज चालते का, फोन वाजतात का, उन्हाळ्यात कुलर आहे का, आणि सक्करदरा किंवा मानेवाडा चौकातून रात्री घरी कसं यायचं, हे पाहून ठरवा.