मेजर जिंकली आणि खेळच हरवला, असं का होतं?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही बडोद्याला दांडिया बझारात राहतो. घरात गोल्फ बघणारे मी आणि माझे काका दोघंच, बाकी सगळे रिमोट कधी मिळतो त्याची वाट बघत असतात. काकांचं ठाम मत आहे की मोठी स्पर्धा जिंकली, पैसा आला की खेळाडूची भूक मरते आणि डोक्यात हवा जाते, म्हणून मेजर (मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ओपन या गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एखादी) जिंकल्यावर इतके जण घसरतात. उदाहरण म्हणून ते नेहमी इयन बेकर-फिंचचं नाव घेतात. मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. खरं काय असतं?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर: काकांना नमस्कार सांगा, पण या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. आणि त्यांनी बेकर-फिंचचंच नाव काढलंय ना, मग तिथूनच सुरुवात करू, कारण त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली तर भूक मेली असं कुणाला म्हणवणारच नाही.

१९९१ ची ओपन चॅम्पियनशिप, इंग्लंडमधलं रॉयल बर्कडेल, हा ऑस्ट्रेलियन तेव्हा ३० वर्षांचा. शनिवारी ६४ फटके, रविवारी ६६ (गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं), आणि त्या रविवारचे पहिले नऊ होल फक्त २९ फटक्यांत. फार लांब मारणारा म्हणून तो कधीच ओळखला जात नव्हता, त्याची ताकद होती पटिंग (होलजवळचे हलके फटके, म्हणजे पट, मारून बॉल होलमध्ये पाडणं) आणि शांत डोकं. पण जिंकल्यावर त्याच्या मनात बसलं की आता आपण चॅम्पियन, चॅम्पियनने अजून लांब मारायला पाहिजे, मग स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची ढब, बदलायला घेतला, या कोचचं ऐकलं, त्या कोचचं ऐकलं, आणि ज्या हातांनी ओपन जिंकली होती त्या हातांवरचाच भरवसा हळूहळू उडाला. १९९५ ची ओपन सेंट अँड्र्यूजला होती, तो खेळत होता अर्नोल्ड पामरबरोबर, आणि तिथे पहिल्या आणि अठराव्या होलचे फेअरवे (होलपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे) एकमेकांना चिकटलेले आहेत, एवढं मोठं मोकळं मैदान समोर असतं की प्रोफेशनल खेळाडूचा बॉल बाहेर जाणं जवळजवळ अशक्य, तरी याचा पहिलाच लांब फटका (ड्राइव्ह) सगळं ओलांडून डावीकडे हद्दीबाहेर (आउट ऑफ बाउंड्स) गेला. १९९५ आणि ९६ मिळून पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, सलग २९ स्पर्धा अशा गेल्या की एक तर कट हुकला, नाहीतर अर्ध्यात सोडली, नाहीतर बाद झाला. (कट म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरची चाळणी, त्यात उरलात तरच शनिवार-रविवार खेळायचं.) १९९७ ला ट्रूनच्या ओपनमध्ये पहिल्या दिवशी ९२ मारले, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) २१ जास्त, नंतर लॉकर रूममध्ये रडला आणि स्पर्धा सोडली.

आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट ही की प्रॅक्टिस रेंजवर तो चांगला मारायचा. हात तेच, काठ्या (क्लब) त्याच, पण पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या फटक्याच्या जागी, लोकांसमोर उभं राहिलं की सगळं बिनसायचं. ज्याची भूक मेली तो २९ वेळा परत परत अपमान सहन करायला जात नाही हो. भूक होती म्हणूनच तर जात राहिला.

मग हे होतं कसं? खूप वर्षं घासून घासून जे जमतं ते आपण विचार करून करत नसतो. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या आजीला विचारून बघा की आजी, आधी अंगठा दाबतेस की तर्जनी, ती तिथेच अडखळेल आणि तो एक मोदक बिघडेल. सायन बायलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असा प्रयोग छापला होता, त्यात अनुभवी गोल्फर्सना पट मारताना एकदा स्वतःच्या स्विंगकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि एकदा कानावर पडणाऱ्या आवाजांकडे. आवाज ऐकताना ते जास्त चांगलं खेळले! लक्ष दुसरीकडे असताना हात आपलं काम बरोबर करत होते आणि लक्ष हातांवर आलं की चुका व्हायला लागल्या. नवशिक्यांचं मात्र उलट असतं, त्यांना लक्ष दिल्याचा फायदाच होतो. म्हणून मला वाटतं की मेजर जिंकलेल्या माणसाने स्विंगची मोडतोड करणं म्हणजे उस्तादाने स्वतःहून परत नवशिक्या होणं आहे, आणि ते पण सगळं जग टीव्हीवर बघत असताना.

अशी नावं बरीच आहेत. आयर्लंडचा पॅड्रिग हॅरिंग्टन घ्या, जुलै २००७ ते ऑगस्ट २००८ एवढ्यात तीन मेजर जिंकला आणि त्यानंतरही, अजून चांगलं व्हायचं म्हणून, स्विंगमध्ये बदल करत राहिला. पीजीए टूरवरचा पुढचा विजय थेट मार्च २०१५ मध्ये, तोवर रँकिंगमध्ये पहिल्या दोनशेतही नव्हता. जर्मनीचा मार्टिन कायमर २०१० ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकला, २०११ मध्ये जगात नंबर वन झाला, पण त्याचा शॉट नैसर्गिकपणे डावीकडून उजवीकडे वळायचा आणि मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाच्या कोर्सवर तर उजव्या हाताच्या खेळाडूला उलटा, म्हणजे ड्रॉ, लागतो असं म्हणतात, मास्टर्समध्ये त्याचा कट पहिल्या चारही वेळा हुकला होता, म्हणून नंबर वन असताना तो ड्रॉ शिकायला बसला आणि होतं ते पण गेलं. पण २०१४ मध्ये आधी प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि मग पाइनहर्स्टला यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकून परत आला. हे दोघे आळशी होते असं काका तरी म्हणतील का?

अजून एक गोष्ट आहे जी बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ओपनमध्ये १५६ जण उतरतात, सगळे जगातले निवडक, आणि त्यातला जो जिंकतो त्याचा बहुतेक वेळा आयुष्यातला सगळ्यात चांगला आठवडा चालू असतो, पट पडतात, वारा साथ देतो, बाउन्स बरोबर मिळतो. तो आठवडा संपला की माणूस आपल्या नेहमीच्या लेव्हलला येतो, पण आपण त्या एका आठवड्यालाच त्याची लेव्हल समजून बसलेलो असतो आणि मग म्हणतो फॉर्म गेला. वाईट हे की खेळाडू स्वतः पण तेच समजतो आणि न बिघडलेलं दुरुस्त करायला घेतो. त्यात करार येतात, जाहिराती येतात, नवे क्लब हातात येतात. उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय २०१२ ची पीजीए चॅम्पियनशिप आठ फटक्यांनी जिंकला, जानेवारी २०१३ मध्ये नव्या कंपनीशी करार करून सगळं किट बदललं, आणि ते वर्ष पीजीए टूरवर एकाही विजयाशिवाय गेलं.

काकांच्या म्हणण्यात एवढंच खरं आहे की शिखरावर पोचल्यावर काही जणांना आतून रिकामं वाटतं. अमेरिकेचा डेव्हिड डुवाल १९९९ मध्ये जगात पहिला होता, २००१ ला रॉयल लिदमला ओपन जिंकला आणि नंतर त्यानेच मोकळेपणाने सांगितलंय की एवढ्यासाठीच का हे सगळं, असं काहीतरी मनात येऊन गेलं. पण त्याची पाठ, खांदा, मनगट सगळं दुखावलेलं होतं, चक्कर येण्याचा त्रास झाला, पाठ सांभाळत स्विंग बदलला आणि बिघडला. याला हवा जाणं म्हणत नाहीत.

आणि बडोदेकरांनी हे असलं जवळून पाहिलंय ना. आपला इरफान पठाण, जानेवारी २००६ मध्ये कराचीला कसोटीच्या पहिल्याच ओव्हरमध्ये हॅट्ट्रिक, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बॉलिंगमधला स्विंग गेला, वेग गेला, टीममधून बाहेर. तेव्हा रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत ज्याला त्याला कारण माहीत होतं! २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलला हाच इरफान सामनावीर होता. त्या मधल्या महिन्यांत त्याला काय काय ऐकावं लागलं असेल ते काकांनी एकदा आठवून बघावं.

प्रश्न: ताई-दादा जे कोण उत्तर देतात त्यांना नमस्कार. माझी मुलगी १५ वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते, मागच्या वर्षी तिच्या वयोगटात मोठी स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून पहिल्या-दुसऱ्या राउंडलाच हरते. आम्ही दोनदा कोच बदलला, तिचे बाबा प्रत्येक मॅचचा व्हिडिओ काढून रात्री जेवताना दाखवतात. ती आता बोलतच नाही. अजून काय करू?
— एक आई, वडोदरा

उत्तर: ताई, आधी तो जेवणाच्या टेबलावरचा व्हिडिओ आजपासून बंद करा. बाबांचा हेतू चांगला आहे, त्यात मला शंकाच नाही, पण वर जे लिहिलंय तेच तुमच्या घरात रोज रात्री चाललंय, जे हात न विचारता खेळत होते त्यांना रोज उलटतपासणीला बसवताय. व्हिडिओ बघायचाच असेल तर कोचबरोबर, आठवड्यातून एकदा, आणि जिंकलेले पॉइंट पण बघायचे.

कोच आता तिसऱ्यांदा बदलू नका. मधे कुणाची शिकवणी तिला खरंच आवडली होती ते तिलाच विचारा आणि सहा महिने तरी त्याच माणसाकडे राहू द्या.

दुसरं, डॉक्टरांकडे जाऊन या. या वयात उंची भराभर वाढते, हातापायांची लांबी बदलली की टायमिंग काही काळ चुकतंच, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन आणि आयर्न कमी असणं फार कॉमन आहे, त्याने दुसऱ्या गेममध्ये दम जातो आणि आपण म्हणतो मन लागत नाही. साधी रक्ताची तपासणी आहे, करून घ्या. दहावीचं वर्ष असेल तर झोप किती होते तेही बघा.

तिसरं, ती जिंकली तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं, आता समोरची मुलगी तयारी करून येते की हिला बॅकहँडला खेळवायचं. म्हणजे ती आहे तशीच खेळत असेल तरी आता जिंकणं अवघड झालंय, हे तिला कुणीतरी शांतपणे सांगायला पाहिजे, कारण ती बहुतेक स्वतःलाच दोष देत बसली असेल. आणि ती बोलत नाही, ही गोष्ट मला हरण्यापेक्षा जास्त काळजीची वाटते. एखादा रविवार बॅडमिंटनचं नाव न काढता तिच्याबरोबर घालवा, कमाटी बागेत जा, सेव उसळ खा. काही आठवडे असे गेले आणि तरी ती गप्पच राहिली, खाणं-झोप बिघडली, तर खेळाडूंबरोबर काम करणारे समुपदेशक असतात, त्यांना भेटा, आणि त्याआधी महिनाभर स्पर्धा नको म्हणाली तर तेही चालू द्या.

प्रश्न: इतकं हरूनही या लोकांना पुढच्या स्पर्धांत खेळू कसं देतात?
— एक विद्यार्थी, फतेहगंज, वडोदरा

उत्तर: मेजर जिंकली की आजच्या नियमाप्रमाणे पीजीए टूरवर पाच वर्षं जागा पक्की असते. मास्टर्स जिंकलेल्याला तिथे आयुष्यभर बोलावणं असतं आणि ओपनचे जुने विजेतेही ठरावीक वयापर्यंत ओपन खेळू शकतात. म्हणून पडता काळ पण सगळ्यांसमोर काढावा लागतो, ही सवलत काही जणांना शिक्षेसारखीच वाटत असणार.

सवलत संपली की मात्र पात्रता फेरी. वर ज्याच्याबद्दल लिहिलं तो डुवाल २००९ मध्ये जागतिक रँकिंगमध्ये ८८२ वा होता, पात्रता फेरीतून बेथपेजच्या यूएस ओपनला आला, शेवटच्या दिवशी थेट आघाडीच्या बरोबरीला पोचला, सतराव्या होलला त्याचा छोटा पट कपाच्या कडेला लागून बाहेर आला, आणि फिल मिकेलसनच्या बरोबरीने दुसरा आला.