पंपिंग 50 म्हणजे अर्धं हृदय नव्हे

"अक्का, आम्ही येळ्ळूरचे. ह्यांना फेब्रुवारीत हार्टचा झटका आला. बेळगावात अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले पंपिंग 50 आहे. म्हणजे अर्धं हार्ट गेलंच की हो. तेव्हापासून मी ह्यांना शेताकडं जाऊ देत नाही, बादली उचलू देत नाही. सासूबाईपण म्हणतात, हार्टवाल्यानं हलू नये. हे दिवसभर सोप्यात पडून असतात. पहाटे तीनला उठून बसतात. 'माझं आता काय राहिलंय' एवढंच बोलतात. गोळ्या मी हातात देते, तरी कधी कधी उशीखाली सापडतात. दवाखान्यात सुटलेली तंबाखू परत चालू झालीय, चोरून. मी खिसे तपासते, मग भांडण. रिपोर्ट चांगले आहेत म्हणतात, मग माणूस का बरा होत नाही? मी कुठं कमी पडले?" – एक बहीण, वय 52

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या 50 पाशी अडले. आधी त्याचंच बोलू, कारण तुमच्या घरातली निम्मी भीती त्या एका आकड्यात आहे.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात ज्याला पंपिंग म्हणतात, ते म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर ढकललं जातं ते. सगळं रक्त कधीच बाहेर पडत नाही, धडधाकट पैलवानाचंही नाही. निरोगी हृदयाचा हा आकडा साधारण 55 ते 70 च्या दरम्यान असतो. तेव्हा 50 म्हणजे जरासं कमी. तुम्ही ते दहावीच्या मार्कांसारखं शंभरपैकी धरलंत आणि अर्धं हृदय गेलं असं समजून चाललात. मी डॉक्टर नाही, तुमचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, म्हणून तो कागद घेऊन परत जा आणि हाच प्रश्न विचारा. पण "अर्धं गेलं" हे वाक्य आजपासून घरात नको.

ते कसं शिरलं असेल हे मला दिसतं. घरी सोडायचा दिवस, बिलाची धावपळ, डॉक्टर कन्नडमधून भरभर बोलतात, मधे इंग्रजी शब्द, आणि आपण मान डोलावतो. आपल्या भागात हे रोज घडतं. बाजारात आपलं कन्नड चालतं, पण हृदयाबद्दल कुणी बोलायला लागलं की तेवढं पुरत नाही. "तिळिलिल्ल, इन्नोम्मे हेळ्री", समजलं नाही, परत एकदा सांगा, एवढं म्हणायला लाजू नका. नाहीतर मराठी बोलणारी सिस्टर शोधा. दवाखान्यात ती असतेच.

समजुतीनं एवढं काय बिघडतं, असं वाटेल. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला झटका येऊन गेलेल्या रुग्णांना संशोधकांनी कागद-पेन्सिल दिली आणि आपलं हृदय आता कसं दिसत असेल ते काढायला सांगितलं. हा अभ्यास 2004 साली छापून आला. ज्यांनी हृदयावर इजा झालेली जागा काढली, त्यांना तीन महिन्यांनीही आपण कमी बरे झालोय आणि आजार आपल्या हातात नाही असं वाटत होतं. जितका मोठा भाग काळा केलेला, तितकं कामावर परतणं लांबलेलं. त्याच गावात 2002 च्या एका प्रयोगात मानसशास्त्रज्ञ दवाखान्यातच रुग्णांशी तीनदा बसून बोलले, झटक्याबद्दलच्या चुकीच्या समजुती काढल्या. ती माणसं इतरांपेक्षा लवकर कामाला लागली, आणि छातीत दुखल्याच्या तक्रारीही त्यांच्या कमी होत्या.

तुमच्या ह्यांच्या मनातलं चित्र कसलं असेल? आणि ते रंगवतंय कोण? रागावू नका ताई. बादली मी नेते. जिना नको. जोरात बोलू नका. हळू, हळू. यातला शब्द न् शब्द मायेचा आहे. ऐकणाऱ्याला मात्र दिवसातून वीस वेळा एकच ऐकू येतं, की मी आता कामाचा राहिलो नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्डला 1985 मध्ये एक प्रयोग झाला, तो मी बायकांना नेहमी सांगते. नुकताच झटका येऊन गेलेल्या तीस पुरुषांची ट्रेडमिलवर तपासणी व्हायची होती. दहाजणांच्या बायका बाहेर बसल्या. दहाजणी आत उभं राहून बघत होत्या. उरलेल्या दहाजणींनी बघितलं आणि मग नवरा ज्या जोरावर चालला त्याच जोरावर स्वतः तीन मिनिटं चालून पाहिलं. नुसतं बघणाऱ्यांची भीती फारशी हलली नाही. चालून दमलेल्यांना मात्र कळलं, की आपल्याला धाप लावणारं काम हा माणूस करून आला आहे. पुढं नवऱ्याचं हृदय किती काम करू शकेल याचा अंदाज दोघांच्या, म्हणजे बायकोच्याही, विश्वासावरून येत होता.

म्हणून डॉक्टरांना विचारा, ह्यांची टीएमटी, म्हणजे अशीच ट्रेडमिलवरची तपासणी, करता येईल का. करणार असतील तर मला आत उभं राहून बघू द्या म्हणा.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या लहानपणी डॉक्टरच तसं सांगायचे, झटका आलेल्याला महिना-दीड महिना अंथरुणावरून उठू देत नसत. 1952 साली बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी असे रुग्ण लवकरच खुर्चीत बसवायचं धाडस केलं, तेव्हा इतर डॉक्टर हादरले होते. रुग्णांना मात्र ते मानवलं. आज तर स्टेंटनंतर चालणं हा औषधाचाच भाग आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं की सकाळी दहा मिनिटांपासून सुरू करा, सपाट रस्त्यानं, बोलता येईल एवढ्या वेगानं. दर आठवड्याला थोडं वाढवा. राजहंसगडाचा चढ आत्ता नको. तुम्ही बरोबर चाला, पण एक पाऊल मागं राहून "हळू" म्हणायला नव्हे. छातीत दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम आला, श्वास कोंडला तर थांबायचं आणि 108 ला फोन करायचा. हे दोघांनाही पाठ असलं की भीतीला बसायला जागा उरत नाही.

आता पहाटे तीनचं. लवकर जाग येणं, कुणाशी न बोलणं, कशातच जीव न रमणं, गोळ्या उशीखाली ठेवणं हे आळस किंवा हट्ट नव्हे. झटक्यानंतर येणारी उदासी अशी असते, आणि ती अनेकांना येते. माँट्रियलच्या 222 रुग्णांच्या अभ्यासात 1993 मध्ये दिसलं, की ज्यांना अशी खोल उदासी होती त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू जास्त झाले. उदासीवर उपचार केले की आयुष्य वाढतंच, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. 2003 साली जवळजवळ अडीच हजार रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत उदासी हलकी झाली, पण मृत्यूचं प्रमाण बदललं नाही. तरी हलकी झाली ना. सोप्यात भिंतीकडं तोंड करून काढलेले सात महिने काय असतात, ते तुम्ही बघताय.

हृदयाच्या डॉक्टरांना हे सगळं मोकळेपणानं सांगा. बीपीचा आकडा सांगतो तसंच सांगायचं, त्यात लाज कसली. "माझं काय राहिलंय" म्हणतात तेव्हा समोर बसून सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का? विचारल्यानं तो विचार मनात येत नाही. हो म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला तर पैसे पडत नाहीत, भाषाही निवडता येते.

गोळ्यांचं मात्र कडक बोलते. रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानं बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो अचानक बंद पडू शकतो. पण त्यासाठीही हातावर गोळी ठेवून पहारा नको. "कुठली गोळी नकोशी वाटते?" असं विचारा. कदाचित एखादीनं गळून गेल्यासारखं होत असेल, आणि ते सांगायचं कुणाला म्हणून उशीखाली जात असेल. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.

तंबाखूचंही तेच. तुम्ही "सोडा" म्हणालात की ते "का सोडू" याची कारणं शोधणार, आणि स्वतःच्या तोंडून बोललेलं माणसाला जास्त पटतं. खिसे सोडा. निवांत वेळ बघून विचारा, दवाखान्यात इतके दिवस राहिलात की तंबाखूशिवाय, तेव्हा कसं जमलं? आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, मधे बोलू नका.

मी कुठं कमी पडले, असं विचारलंत. नाही पडलात. फेब्रुवारीपासून रात्री त्यांचा श्वास चालतोय की नाही ते बघायला तुम्ही किती वेळा उठलात, हे कुणी विचारलंय का तुम्हाला? तुमचीही झोप गेलीय. डॉक्टरांकडं जाल तेव्हा तेही सांगा.

आणखी एक. सुगी जवळ आली. कापणी कधी धरायची, माणसं किती सांगायची, हे यंदा मुलगाच ठरवतोय ना? त्याला सांगा, बाबांना विचारून ठरव. विचारल्यासारखं करून नव्हे, खरंच विचारून. भाताचं कणीस हातात चोळून दिवस सांगायला पंपिंग किती लागतं?

डॉक्टरांकडं जाताना चिठ्ठी करा. पहिला प्रश्न, 50 चा अर्थ काय. दुसरा, चालायचं किती आणि वजन उचलायचं किती. तिसरा मी सांगत नाही. चिठ्ठी आणि पेन त्यांच्या हातात द्या आणि तिसरा त्यांनाच लिहू द्या.

तुमची,
अक्का