प्रोप्रिएदाद की प्रोपिएदाद?

प्रश्न असा: आजोबांच्या गोव्यातल्या घराच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत 'प्रोप्रिएदाद' असा शब्द आहे, स्पॅनिशच्या वर्गात मात्र 'प्रोपिएदाद' शिकवतात. अर्थ दोन्हीकडे मालमत्ता, मालकी. मग मधला 'र' गेला कुठे? आणि इतक्या भाषांत हा शब्द एवढा सारखा कसा?

'र'चं उत्तर सोपं आहे. मूळ लॅटिन शब्द 'प्रोप्रिएतास'. लागोपाठ दोन 'प्र' आले की जीभ एक 'र' गाळते. स्पॅनिशने तो गाळलेला उच्चारच प्रमाण मानला, पोर्तुगीजने लिहिताना दोन्ही 'र' जपले.

दुसऱ्या प्रश्नात मात्र रमावंसं वाटतं. फ्रेंच 'प्रोप्रिएते', इटालियन 'प्रोप्रिएता', रोमानियन 'प्रोप्रिएताते' हे सगळे शेजारी ठेवून पाहा. शतकानुशतकं लोकांच्या तोंडी झिजलेले शब्द एकमेकांशी इतके जुळत नाहीत. हे जुळतात, कारण ते तत्सम आहेत. 'अग्नी' जसा मराठी, कन्नड, बंगाली सगळीकडे ओळखू येतो, तसाच हा शब्द कायद्याच्या आणि धर्माच्या पोथ्यांतून पुन्हा उचललेला आहे. रोमानियनने तर तो फारच उशिरा घेतला.

मालकीचा खरा तद्भव शब्द पाहायचा तर 'दोमिनुस'कडे वळावं लागतं. 'दोमुस' म्हणजे घर, 'दोमिनुस' म्हणजे घरधनी. रोमन कायद्यात मालकीला 'दोमिनिउम' म्हणत. 'दोमिनुस' मात्र लोकांच्या तोंडी राहिला आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा झाला: मालकाला स्पॅनिशमध्ये 'दुएन्यो', पोर्तुगीजमध्ये 'दोनो'. 'दोमिना', म्हणजे मालकीण, हिची इटालियनमध्ये 'दोन्ना' झाली, फ्रेंचमध्ये 'दाम'. अर्थही मालकिणीवरून 'बाई'वर आला. पणजीजवळच्या दोना पावलामधली 'दोना' तीच. पोर्तुगीजमध्ये गृहिणीला 'दोना द काझा' म्हणतात, घराची मालकीण. आपल्याकडेही 'मालक' म्हणजे नवरा आणि 'मालकीण' म्हणजे बायको असं सर्रास बोलतात, त्यामुळे मराठी कानाला यात काहीच परकं वाटू नये.

आता 'प्रोप्रिएतास'च्या पोटात काय आहे ते. त्याचं विशेषण 'प्रोप्रियुस': स्वतःचा, ज्याचा त्याचा. त्यातून आधी 'एखाद्याचं खास लक्षण' हा अर्थ आला, मग मालकी. म्हणून या भाषांत पाण्याचे गुणधर्म आणि काकांची शेतजमीन दोन्हींसाठी एकच शब्द चालतो. संस्कृतची चालही अशीच आहे. 'स्व'वरून 'स्वत्व', आणि 'स्व'वरूनच 'स्वामी', जो पाणिनीने ऐश्वर्याच्या अर्थी साधून दाखवला. मालकीची कल्पना 'आपलं'पासून उगवते, हे दोन्हीकडे दिसतं, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

फ्रेंचने यात एक आगळं वळण घेतलं. 'मा प्रोप्र शमीझ' म्हणजे माझा स्वतःचा शर्ट. शब्द फिरवून 'मा शमीझ प्रोप्र' म्हटलं की माझा स्वच्छ शर्ट! 'स्वतःचा'वरून 'शोभेसा', त्यावरून 'नीटनेटका', आणि शेवटी 'स्वच्छ' असा तो प्रवास. म्हणून तिथे एकाच मुळाचे दोन वेगळे शब्दही तयार झाले: 'प्रोप्रिएते' म्हणजे मालमत्ता, 'प्रोप्रते' म्हणजे स्वच्छता. पॅरिसच्या सफाई खात्याच्या नावात हाच 'प्रोप्रते' आहे. (मराठी 'स्वच्छ'मध्ये मात्र 'स्व' शोधू नका, तो शब्द सु + अच्छ असा आहे.)

आजोबांचे कागद वाचताना एक गोष्ट जरूर पाहा. 'प्रोप्रिएदाद'ला लागून 'नुआ' असं विशेषण आहे का? 'नुआ' म्हणजे उघडी, नागवी. रोमन कायद्यातली 'नुदा प्रोप्रिएतास' ती हीच: मालकी एकाची, पण घरात राहण्याचा, उत्पन्न खाण्याचा हक्क दुसऱ्याचा. त्या हक्काला पोर्तुगीजमध्ये 'उझुफ्रुतु' म्हणतात. इटलीत आजही घरांच्या जाहिरातींत 'नुदा प्रोप्रिएता' असं लिहिलेलं असतं: म्हातारा मालक घर विकतो, पण मरेपर्यंत त्यातच राहतो. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1961 नंतरही बराच काळ चालत राहिली, त्यामुळे कागदात 'नुआ' किंवा 'उझुफ्रुतु' दिसलं, तर घर कुणाचं आणि राहायचा हक्क कुणाचा हे वेगवेगळं वाचा.